छपराची बखर

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या लोकांना लढाया आठवतात. आमच्या नगर जिल्ह्याचा इतिहास सांगायला बसलेला माणूस मलिक अहमदापासून सुरुवात करतो, चांदबिबीच्या शौर्यापाशी घटकाभर थांबतो, १८०३ साली वेलस्लीने भुईकोट किल्ला कसा घेतला ते सांगतो, आणि १९४२ साली पंडित नेहरू त्याच किल्ल्यात कसे स्थानबद्ध झाले यावर आवरते घेतो. हे सारे खरे आहे, आणि वर्गात मुलांना मीही ते शिकवतो. पण ज्या लाखो माणसांनी या मुलखात संसार केले, ती रात्री कशाखाली निजत होती, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात कधी विचारलेला मला दिसला नाही. लढाई गावावर पिढीतून एकदा आली तर येई. पाऊस मात्र, थोडा का होईना, दर साली येई, आणि ऊन तर आठ महिने डोक्यावर. त्यांच्याशी माणसाने जो सामना दिला त्याची साक्ष म्हणजे घराचे छप्पर. ही बखर वाचायला मोडी येण्याची गरज नाही. मान वर करता आली म्हणजे पुरे.

जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले. तो अहिल्यानगर झाला. गावांचा तोंडवळा मात्र त्याच्या फार आधीपासून पालटत आला आहे. कोणत्याही गावाच्या पाण्याच्या टाकीवर उभे राहून पाहा. चौकोनी स्लॅब, त्यांवर काळ्या टाक्या, मधूनच उन्हात चमकणारे पत्रे, आणि गावाच्या मधोमध एखाद्या पडक्या वाड्याची पांढुरकी रेघ. हेच दृश्य बीडात दिसेल, बुलढाण्यात दिसेल आणि गंगेच्या काठीही दिसेल. घरावरून मुलूख ओळखू येण्याचे दिवस गेले. हे बरे झाले की वाईट, याचा निवाडा करण्याआधी ते कसे घडले हे पाहिले पाहिजे. कोपरगावात २०१८ साली एका शाळेच्या आवारात विटेचे एक नवल उभे राहिले आहे. त्याची किंमत कळायलाही हा मागचा वृत्तांत ठाऊक हवा.

आमचा जिल्हा पावसाच्या दृष्टीने दोन भावांसारखा आहे. एकाला सारे मिळाले, दुसऱ्याला काहीच नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईच्या अंगाखांद्यावर पाऊस असा कोसळतो की घराचे छप्पर उतरते केल्यावाचून गत्यंतर नाही. तिथे कुडाच्या भिंती, आणि वर गवत किंवा कौल. पण संगमनेर ओलांडून पूर्वेकडे आलो की सह्याद्रीच्या पाऊसछायेचा प्रदेश लागतो. जिल्ह्याची सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तीही लहरी. श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डीकडच्या माणसाला पावसाच्या माऱ्यापेक्षा उन्हाचा मारा अधिक ठाऊक. म्हणून या बाजूचे घर सपाट छपराचे, जाड मातीचे, जमिनीला चिकटून बसलेले. आकाशाने जे दिले नाही ते घराच्या आकारात उमटले आहे.

या मातीच्या घराचे वय तरी किती? संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ साली उत्खनन केले, आणि त्या लहानशा गावाचे नाव एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले. पुढे १९५४ ते १९५६ या काळात सांकलियांनी नेवासे खणले. मग प्रवरेच्या काठचे दायमाबाद उजेडात आले. तिथे १९७४ साली सापडलेला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांचे कौतुक साऱ्या जगाने केले, आणि ते योग्यच झाले. मला मात्र त्या चार चित्रांपेक्षा तिथल्या घरांचे अधिक अप्रूप वाटते. चोपून केलेल्या जमिनी, मातीच्या भिंती, लाकडी खांबांचे खळगे. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कोणी बाई सारवत होती, आणि तिच्या हाताखालची माती तीच होती जी माझ्या आजीच्या हाताखाली होती. राजवटी किती आल्या नि गेल्या. मातीने घर सोडले नाही.

त्या मातीतून जे परिपक्व रूप पुढे आले ते धाब्याचे घर. काही गावांत त्याला माळवद म्हणतात. भिंतीवर तुळया, तुळयांवर कड्या. ऐपत असेल तर त्यांवर फळ्या जोडून कडीपाट, नसेल तर काटक्या आणि लिंबाचा पाला. त्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांत वर पांढरी खारी माती. या खाऱ्या मातीचा गुण असा की पहिल्या सरीबरोबर ती फुगते आणि आपल्या भेगा आपणच मिटवून टाकते. वैशाखात गाढवांच्या पाठीवरून ती माती येई, घरातली सारी माणसे तिला पसरायला वर चढत, आणि पन्हळी मोकळ्या केल्या की मृगाची वाट पाहायला घर तयार होई. घर किती मोठे हे फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. मुलगी देताना सोयरा विचारी, "घर किती खणांचं?" माझे लहानपण अशाच पाच खणांत गेले. चैत्रात बाहेर अंग भाजत असताना आत येणारा माणूस उंबऱ्यातच "हुश्श" करी. धाब्यावर पापड, कुरडया, मिरच्या, ज्वारी वाळत आणि रात्री माणसे निजत. एक छप्पर तीन कामे करी.

अशा मुलखात पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाही आली, आणि तिच्याबरोबर घडीव कमान, घुमट आणि चुन्याचा गिलावा यांचे वैभव आले. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात नगरच्या किल्ल्याची दगडी तटबंदी बांधली. शहराजवळची दमडी मशीद १५६७ सालची. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी काढून ती उभी केली, असे लोक सांगतात. आख्यायिका म्हणा, पण तिच्या दगडावरचे कोरीव काम पाहिले की वाटते, हे काम हुकमाने झालेले नाही, हौसेने झालेले आहे. तळ्याच्या मधोमध बांधलेला फराहबाग एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात अखेर सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ साली पुरा झाला. त्याच सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर शहा डोंगरावर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आणि इतिहासाने कितीही सांगितले तरी म्हणत राहतील. शहरात खापरी नळांनी लांबून पाणी आणलेले होते. इराण-तुराणातून आलेली विद्या आणि इथल्या पाथरवटाचा हात यांचा असा मिलाफ झाला होता.

मग ही कमान गावातल्या घरात का आली नाही? वेशीत आली, बारवेत आली, गढीच्या दरवाजात आली, देवळाच्या ओवरीत आली. पण कुणब्याच्या स्वयंपाकघरावर कधी चढली नाही. कारणे साधी आहेत. घडीव दगड महाग, चुना मळायला घाणा आणि बैल हवेत, आणि कमान पुरी होईपर्यंत तिला खालून आधार द्यायला लाकडाचा सांगाडा हवा. ज्याच्याकडे तेवढे लाकूड असेल तो त्याच लाकडाच्या तुळया टाकून धाबे का बांधणार नाही? शिवाय कमानीच्या पाठीवर ज्वारी कशी वाळवणार? म्हणून राजाचे छप्पर गोल राहिले आणि रयतेचे सपाट. ही दोन छपरे चारशे वर्षे एकमेकांच्या दृष्टीसमोर होती, पण त्यांची सोयरीक जुळली नाही.

पुढे इंग्रजी अमदानीत तिसरे छप्पर आले. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि यंत्रावर दाबलेले ते तांबडे कौल हळूहळू कचेऱ्या, बंगले, शाळा आणि स्टेशने यांवर चढले. पाठोपाठ नळीदार पत्रा आला. याच काळात जिल्ह्याच्या उत्तर भागाचे दैव पालटले. गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या आरंभी निघाले, भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, उसाचे मळे वाढले, खासगी साखर कारखाने निघाले, आणि १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला. पैसा आला तशी घरे बदलली. सागाची तुळई दुर्मिळ झाली, वीटभट्ट्या पेटल्या, सिमेंटची पोती आली. धाब्यावर दर साली माती टाकायला घरात माणसेही उरली नाहीत. तरणी पोरे पुण्याला कारखान्यांत गेली. आम्ही धाबी टाकून दिली असे म्हणण्यापेक्षा धाबी सांभाळणारी घडीच विस्कटली, हे म्हणणे अधिक खरे.

आणि मग १९९३ साल उजाडले. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. लातूर-उस्मानाबादकडची ती गावे आमच्यासारखीच धाब्यांची. आदल्या दिवशी गणपती पोचवून दमून निजलेली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती कोसळल्या आणि माथ्यावरची अनेक वर्षांची साचलेली माती हजारो माणसांवर आली. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही एक आहे, ती पहाट विसरून चालणार नाही. दर साली थर चढत गेलेले छप्पर थंडावा देते. तेच भिंती सुटल्या की गाडून टाकते. त्या दिवसापासून आमच्या भागातही म्हाताऱ्या माणसांच्या मनात धाब्याविषयी जी भीती बसली ती गेली नाही. पोराने "आता स्लॅब टाकू" म्हटले तर बापाने "टाक बाबा" म्हटले. यात चुकले कोणाचे? कोणाचेच नाही.

पण स्लॅब म्हणजे निर्धास्तपणा, ही समजूतही तितकीच भाबडी आहे. दगड आणि वीट दाब सोसतात. ताण त्यांना सोसत नाही. सपाट छताच्या पोटाशी ताण येतो, म्हणून तिथे लोखंडी सळई घालतात. सळईवरचे काँक्रीट नीट असेल, पाणी मुरत नसेल, तर ही जोडी अनेक वर्षे टिकते. पाणी मुरले की सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की खालचे पोपडे सुटतात. शिवाय चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात ओततो. मी ज्या वर्गात अनेक वर्षे शिकवले तिथे मार्चच्या दुपारी मुलांचे डोळे पेंगत, ते कवितेला कंटाळून नव्हे. गावोगाव शाळेच्या खोल्या मात्र एकाच नकाशावरून बांधल्या जातात. अकोल्याच्या पावसाला तोच नकाशा, जामखेडच्या उन्हाला तोच. आणि जुन्या झालेल्या खोलीकडे वेळेवर कोणी मान वर करून पाहिले नाही तर काय होते, हे आम्ही ऑगस्ट २०१७ मध्ये पाहिले. नगरजवळच्या निंबोडीच्या प्राथमिक शाळेत पावसात छत कोसळले आणि तीन मुले गेली. त्या दिवसानंतर कितीतरी गुरुजींनी पाठ सुरू करण्याआधी छताकडे पाहायची सवय लावून घेतली. छपराचा विचार हा काही शोभेचा विचार नाही, एवढे सांगण्यासाठी ही गोष्ट लिहिली.

आता देशात त्याच वेळी काय चालले होते ते पाहू. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा नव्या भारताची घरे कशी असावीत हा प्रश्न आपण आधी परक्यांना विचारला. चंडीगढसाठी १९५१ साली फ्रान्समधून ल कॉर्ब्युझिए आले, अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेसाठी १९६२ साली अमेरिकेतून लुई कान आले. त्यांचे ऋण मोठे आहे. कान यांनी तर साध्या विटेला पुन्हा कमानीचा मान दिला. पण खरी गंमत पुढच्या पिढीने केली. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी कॉर्ब्युझिएच्या हाताखाली शिकून आले आणि अहमदाबादेत त्यांनी आपल्या कचेरीवर, 'संगाथ'वर, जमिनीत अर्धी रुतलेली गोल छपरे घालून वर फुटक्या चिनी मातीचे पांढरे तुकडे बसवले. ऊन परतून लावायला. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले, भारतीयाला ते प्रथमच. तिकडे केरळात लॉरी बेकर या जन्माने इंग्रज आणि मनाने भारतीय झालेल्या माणसाने गवंड्याच्या शेजारी बसून, वीट वाचवत, सिमेंट वाचवत, गरिबाला परवडतील अशी घरे बांधली. कागदावर नकाशा काढून तो वरून खाली पाठवायचा, की ओट्यावर बसून गवंड्याला विचारत घर वाढवायचे, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

त्या वादाचे एक उत्तर आमच्या कोपरगावात उभे आहे. कोपरगाव म्हणजे गोदेच्या काठचे जुने गाव. सालबाईच्या तहानंतर राघोबादादा इथे येऊन राहिले आणि १७८३ साली इथेच वारले. पुढे ते ओळखले जाऊ लागले साखरेमुळे. करमशी जेठाभाई सोमय्या यांची गोदावरी शुगर मिल्स ही कंपनी १९३९ साली निघाली, आणि त्या घराण्याने पुढे शाळा-महाविद्यालये काढली. कोपरगावच्या त्यांच्या शारदा शाळेत मुलांसाठी ग्रंथालय हवे होते. जागा उरली होती ती शाळेच्या इमारती आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली एक अरुंद पट्टी. मुलांची रोजची ये-जा मात्र तिथूनच. मुंबईचे वास्तुशिल्पी समीप पाडोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पट्टीवर चार भिंती उभ्या करून वर स्लॅब टाकला नाही. त्यांनी जमीनच जणू हलकेच उचलून धरली. विटेचे एक लाटेसारखे छप्पर जमिनीतून वर येते, वाकते आणि पुन्हा जमिनीला टेकते. खाली पोरे वाचत बसतात. वर त्याच छपराच्या पाठीवरून पोरे धावतात. माया सोमय्या ग्रंथालय हे त्याचे नाव. ते पाहिल्यावर मला पहिल्यांदा आठवले ते धाबेच: खाली घर, वर अंगण. चारशे वर्षे जी सोयरीक जुळली नव्हती ती इथे जुळली. कमानीच्या पाठीवर माणसे चढली.

या छपरात सळयांचे जाळे नाही, तर ते उभे कसे? माझे गणित मॅट्रिकपुरते आहे, तेव्हा मी वर्गात सांगतो तसेच सांगतो. दाराला आंब्याच्या पानांचे तोरण बांधा. दोन टोकांमध्ये ते आपल्या वजनाने जी झोळ घेते, त्या झोळीत फक्त ताण असतो, दुसरे काही नाही. आता ती झोळ आहे तशी उलटी करा. जी कमान तयार होईल तिच्यात फक्त दाब असेल. आणि दाब सोसणे हा तर विटेचा धर्मच. हे रहस्य रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितले. एका तोरणाचा हिशेब सोपा. पण चारी बाजूंना वाकणाऱ्या संपूर्ण छपराचा हिशेब हाताने करणे अवघड. त्यासाठी पाडोरांच्या मंडळींनी झुरिचच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी केलेली संगणकाची प्रणाली वापरली. बांधणीची रीत मात्र जुनी, स्पेनमधल्या कातालान प्रांताची. जाड विटा उभ्या न रचता विटेच्या पातळ फरश्या आडव्या, कडेला कड लावून, चटकन घट्ट होणाऱ्या मसाल्यात बसवायच्या. पहिला थर झाला की त्याच्यावर सांधे चुकवून दुसरा, मग तिसरा. पहिला थरच पुढच्या थरांचा आधार होतो, त्यामुळे खालून लाकडाचा भक्कम सांगाडा लागत नाही. आकार दाखवायला हलकी चौकट पुरते. आठवा, कुणब्याच्या घरात कमान न येण्याचे कारण तो सांगाडाच होता!

ही रीत हिंडली तरी किती! राफाएल ग्वास्ताविनो नावाचा गवंडीकामातला जाणकार १८८१ साली ती घेऊन अमेरिकेला गेला. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाची छते त्याची. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशात एलादिओ दिएस्ते या इंजिनिअरने विटेला लाटा शिकवल्या. आतलांतिदा गावचे त्याचे चर्च १९६० साली पुरे झाले. त्याचा देश लहान. मग शेजारच्या भट्टीतली वीटच त्याने एवढ्या हुशारीने वापरली की मोठ्या देशांनी शिकायला यावे. दक्षिण आफ्रिकेत पीटर रिच यांनी मापुंगुब्वे येथे याच पद्धतीने घुमट बांधले. तिथल्या बेकार माणसांना हाताशी धरून, त्यांना शिकवून, मातीच्या फरश्या तिथेच पाडून घेतल्या. २००९ साली जगातली उत्तम इमारत म्हणून तिचा गौरव झाला. स्पेन, अमेरिका, उरुग्वे, आफ्रिका आणि कोपरगाव, अशी ही वारी आहे. निजामशाहीत जसे इराणचे ज्ञान आणि इथला हात एकत्र आले, तसेच हे आहे.

पाडोरांच्या मंडळींचे हे एकच काम असते तर एखादी हौस म्हणून सोडून देता आले असते. पण पुणे जिल्ह्यात मावळातल्या वाडेश्वरला त्यांनी २०१० साली बांधलेले शिवमंदिर गावकऱ्यांच्या श्रमदानातून झाले. दगड देवळापासून हाकेच्या अंतरावरच्या खाणीतला. २०१६ सालच्या 'जेतवन' या बौद्ध शिक्षणकेंद्राच्या भिंती त्यांनी खडीच्या खाणीतल्या टाकाऊ दगडभुकटीच्या केल्या, आणि छपराला मोडीत निघालेल्या जहाजांचे लाकूड वापरले. त्या कामी भुजच्या हुन्नरशाला संस्थेची, म्हणजे जुन्या कारागिरीला नवे काम मिळवून देणाऱ्या मंडळींची, साथ होती. तीन ठिकाणी तीन वेगळी सामग्री. विचारण्याची रीत एक: इथे पायाखाली काय आहे, आणि इथल्या हाताला काय येते?

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, हे सारे धनवंतांच्या संस्थेला शोभते. जिल्हा परिषदेच्या शाळेचे काय? प्रश्न खोटा नाही. मुंबईचा वास्तुशिल्पी प्रत्येक वाडीवस्तीवर येणार नाही, आणि झुरिचचा संगणक शाळेच्या दुरुस्तीच्या तुटपुंज्या निधीत बसणार नाही. शिवाय कमानीचे छप्पर चुकीच्या हातांनी बांधले तर ते स्लॅबपेक्षा बरे ठरेल असेही नाही. म्हणून सर्वांनी कोपरगावची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. नक्कल करायची असेल तर त्या प्रश्नाची करावी.

मला खरी काळजी आहे ती हातांची. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्याला मी विचारले होते, "बाबा, तुमच्या वेळची कमान आता का नाही घालत?" तो म्हणाला, "गुरुजी, आता आमाला कोन इचारतंय? सळई बांधा म्हनत्यात, बांधितो. माल वता म्हनत्यात, वतितो. डोस्कं घरी ठिवून यावं लागतंय." त्याच्या बापाने दगडाचा सूर ओळखून चिरा फोडला असेल, मुलाच्या हाती थापी राहिली आणि अक्कल दुसऱ्याच्या कागदावर गेली. दायमाबादपासून चालत आलेले हातांतले शहाणपण आपण एका पिढीत रिकामे केले. शाळेची खोली पडते तेव्हा विटा-सिमेंट पडते, हे दिसते. त्याआधी हे दुसरे काहीतरी पडून गेलेले असते. त्याचा पंचनामा होत नाही.

कर्मवीर भाऊरावांच्या रयतच्या शाळा या जिल्ह्यात गावोगाव उभ्या राहिल्या तेव्हा मुलांनी आणि गावकऱ्यांनी दगड वाहिले, माती मळली. त्या इमारतीला ओरखडा उठला तर गावाच्या काळजाला उठे, कारण तिची भिंत कोणाच्या आजाने रचलेली होती. आज शाळेची खोली मंजूर होते, ठेका निघतो, खोली उभी राहते, आणि गावाला तिच्याविषयी तेवढेच वाटते जेवढे रस्त्यावरून गेलेल्या ट्रकविषयी. यावर उपाय काय, तर फार मोठा नाही. तालुक्याच्या औद्योगिक शाळेत गवंडीकामाच्या मुलांना स्लॅबच्या जोडीला कमान, घुमट आणि पातळ फरशीची ही रीत शिकवावी. नकाशा करणाऱ्याने मंजुरीपूर्वी एक दिवस गावात येऊन मिस्त्र्याशी आणि मास्तराशी बोलावे. इंजिनिअरने हिशेब करावा, आणि तो हिशेब गवंड्याला कळेल अशा भाषेत सांगावा. तोरणाची गोष्ट त्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल. मातीची घरे अजून ज्या गावांत उभी आहेत तिथे ती पाडण्याआधी कोणी तुळया, खण आणि भिंतींची जाडी तरी मोजून ठेवावी. किल्लारीने जी चूक दाखवली ती सुधारून, भिंतींना पट्ट्यांनी बांधून, छप्पर हलके करून, त्याच मातीचे निर्धोक घर करता येते. भूकंपानंतरच्या वर्षांत इंजिनिअरांनी हे सांगितले आणि करूनही दाखवले.

नव्या सामग्रीशी माझे वैर नाही. सिमेंटने गरिबाला गळक्या पाचटाच्या छपरातून बाहेर काढले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. घरकुलाची ती चौकोनी खोली ज्या माउलीला मिळाली तिच्यापुढे मी धाब्याचे काव्य गाणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की छप्पर ही बाजारातून आयती आणायची वस्तू नाही. जिथे आतली माती आणि बाहेरची विद्या एकमेकींना भेटल्या, तिथे दमडी मशीद झाली, फराहबाग झाला, कोपरगावचे ग्रंथालय झाले. जिथे नुसती माती राहिली तिथे किल्लारी झाली, आणि जिथे नुसता वरून आलेला कागद राहिला तिथे मार्चच्या दुपारी मुले घामाघूम होऊन बसली. पुढच्या शंभर वर्षांनी कोणी या जिल्ह्याच्या छपरांची बखर लिहील तेव्हा आपल्या पिढीच्या पानावर काय लिहायचे, हे ठरवायला अजून वेळ आहे. गावच्या शाळेच्या नव्या खोलीचा नकाशा ज्या दिवशी येईल, त्या दिवशी तो टेबलावर पसरून मिस्त्र्याला खुर्ची द्यावी आणि विचारावे, "बाबा, तुम्ही काय म्हणता?" त्याचे उत्तर ऐकण्यापुरता तरी एक दिवस थांबावे.